ब्लाउजची माया संपली होती: एका बाळंतिणीची केस

ही केस तिला विचारूनच लिहितेय. नाव सांगणार नाही, कुठली बँक तेही नाही, इथे ती फक्त "ती". मी नाशिकला फिजिओथेरपी करते, गेली काही वर्षं माझ्याकडे बाळंतपणानंतरच्या बायकाच जास्त येतात आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य साधारण एकच असतं, मॅडम, पोट कमी करायचंय. या केसमध्ये मी स्वतः एका ठिकाणी चुकले, ते पुढे येईलच, पण लिहायचं मुख्य कारण वेगळं आहे. पोट पुढे दिसतंय म्हणजे चरबी, चरबी म्हणजे खाणं जास्त, खाणं जास्त म्हणजे बाईचा आळस, अशी एका दमात लावली जाणारी साखळी आहे ना आपल्याकडे, ती या बाईच्या बाबतीत जवळपास प्रत्येक कडीला तुटली.

ती पहिल्यांदा आली एप्रिलमध्ये, बाळ तेव्हा आठ महिन्यांचं. सोबत सासूबाई, सासूबाईंच्या कडेवर बाळ आणि हिच्या हातात कापडी पिशवी. मला वाटलं फाइल असेल. पिशवीतून निघाला ब्लाउज, वांगी रंगाचा, खणाचा. तो टेबलावर उलटा करून ठेवला आणि आतली शिलाई दाखवायला लागली. शिवताना दोन्ही कुशींना माया ठेवतात ना, तिच्यावर सुईच्या भोकांच्या तीन रांगा होत्या, म्हणजे तीनदा उसवून तीनदा सैल केलेला, एकदा डोहाळजेवणाला, एकदा बारशाला, एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, आणि आता कापडाची कड आली होती. शिवणाऱ्या ताईंनी सांगितलं, माया संपली आता, नवीन शिवा. चुलत दिराचं लग्न पाच आठवड्यांवर आलेलं. "पाच आठवड्यांत मी यात बसेन का, तेवढं सांगा फक्त."

म्हटलं नाही बसणार. मला वाटलं आता उठून जाईल, पण उलट जरा सैल होऊन बसली, म्हणाली चला, निदान कोणीतरी खरं बोललं.

आधीची हिस्टरी सांगते. वय ३०, पहिलंच बाळ, सिझेरियन. उंची १५५ सेंटीमीटर. गरोदर राहिली तेव्हा वजन ५८, शेवटच्या तपासणीला ७४. म्हणजे १६ किलो वाढलं. हे काही भयंकर नाही, नॉर्मल वजनाच्या बाईसाठी ११.५ ते १६ किलो असा २००९ चा अमेरिकेतला तक्ता आहे, बरेच डॉक्टर तोच डोळ्यासमोर ठेवतात. तसं बघितलं तर आपल्या भारतीय हिशोबात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात आणि हिचे ५८ म्हणजे २४.१, त्यामुळे ती सुरुवातच थोडी वरून करत होती, पण हे तिला त्या दिवशी सांगण्यात काही अर्थ नव्हता. बाळ, वार, पाणी हे सगळं गेल्यावर दहाव्या दिवशी ६७.५. मग माहेरी जळगावला तीन महिने, परत आली तेव्हा ६९.५. आणि माझ्याकडे आली तेव्हा ७१.२.

म्हणजे बघा, बाळंतपणाचं वजन उतरायच्या ऐवजी हळूहळू चढत होतं. अंगावर पाजत असूनही. "पाजलं की आपोआप उतरतं" हे सगळ्यांनी सांगितलेलं असतं, आणि काहींचं उतरतंही, पण त्यात भूक किती वाढते ते कोणी सांगत नाही. पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात असं आपलं हैदराबादचं राष्ट्रीय पोषण संस्थेचं गणित आहे. आता डिंकाचा एक बऱ्यापैकी लाडू म्हणजे २०० च्या आसपास. सकाळी दोन लाडू, दुपारी अळिवाची खीर, बाजरीच्या भाकरीवर तुपाची धार, झाले की ६०० कधीच. त्या खाण्याला मी नावं ठेवत नाहीये हं. सव्वा महिना म्हणजे गर्भपिशवी मूळ आकाराला यायला जे साधारण सहा आठवडे लागतात त्याच्या जवळपास जाणारा काळ, अंगातलं रक्त गेलेलं, बाई अंथरुणात, पुढे शेतात नाहीतर विहिरीवर जायचं, तिच्यासाठी ते खाणं चोख होतं. गडबड एवढीच की हिचा सव्वा महिना आठ महिने चालला. जळगावहून लाडवांचा डबा येतच होता आणि हिचं काम बँकेत खुर्चीवर.

माझ्याकडे यायच्या आधी तिने काय काय केलं त्याची यादी तिनेच फोनमध्ये लिहून ठेवलेली. जिरं-ओव्याचं पाणी. १,४९९ रुपयांचा पोटाचा पट्टा, इतका घट्ट की जेवल्यावर मळमळायचं. भात-पोळी पूर्ण बंद, हे नऊ दिवस, दहाव्या दिवशी दूध कमी झालं, बाळ रात्रभर रडलं आणि सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. आणि शेवटचं, फोनवर बघून तीस दिवसांचं चॅलेंज, रोज १०० क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम. हे मात्र तिने पूर्ण तीस दिवस केलं. "आणि मॅडम, पोट अजूनच पुढे आलं, मला वेड लागायची वेळ आली."

मला इथे पहिली शंका आली. झोपवलं, गुडघे उभे, म्हटलं डोकं फक्त जरासं उचल. बेंबीच्या वर मधोमध पोटाचा तंबू झाला, उभा, लांबट, एखादी वांग्याची फोड उपडी ठेवावी तसा. मी बोटं आडवी ठेवली तर साडेतीन बोटं सरळ आत गेली. तिचाच हात धरून तिथे ठेवला. तिचा चेहरा बदलला. "हे आत काय उडतंय?" पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचे ठोके होते ते. इतका मधला पडदा पातळ झालेला.

याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात, डावा आणि उजवा, मधे त्यांना जोडणारी एक पांढरट पट्टी. शेवटच्या महिन्यात जवळपास सगळ्याच बायकांची ही पट्टी ताणून रुंद होते, बाळंतपणानंतर पहिल्या आठ-एक आठवड्यांत बरीचशी आपोआप आवळते, पुढे वेग मंदावतो. दोन बोटांपर्यंत आम्ही फार मनावर घेत नाही. हिची साडेतीन, आणि पट्टी ताणच धरत नव्हती, हे जास्त महत्त्वाचं. अशा पोटावर रोज १०० क्रंचेस म्हणजे उसवलेल्या शिवणीवर रोज हिसका. "सिझेरियनमध्ये स्नायू कापतात म्हणून असं होतं ना?" असं तिने विचारलं, सगळ्याच विचारतात. नाही. कातडी, चरबी, स्नायूवरचं आवरण कापतात, हे उभे स्नायू मात्र बाजूला सारतात. टाक्यांच्या वर जी गादीसारखी घडी राहते तिचं कारण वेगळं, खाली व्रण आत ओढलेला असतो आणि वरचं सैल मांस त्यावर लोंबतं.

कंबर बेंबीवर ९७ सेंटीमीटर होती. मोजली आणि लगेच जीभ चावली, कारण सासूबाईंनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "अगोबाई, मला तीन झाली तरी एवढं नव्हतं हो." ती काहीच बोलली नाही, बाळाकडे बघत राहिली. तेव्हापासून मी टेप काढायच्या आधी सोबत आलेल्यांना बाहेर बसवते.

बँकेतला प्रसंग तिने दुसऱ्या वेळी सांगितला, एकटी आली तेव्हा. रजा २६ आठवड्यांची, त्यातले तीन आधीच गेलेले, साडेपाचव्या महिन्यात ती परत रुजू झाली. एक पेन्शनवाले आजोबा, दर महिन्याचे, काउंटरवर उभे होते, बँकेचं सर्व्हर बंद पडलेलं, ही फाइल आणायला उठली तर ते म्हणाले, "ताई तुम्ही बसा, या दिवसांत उठबस करू नका, माझं उद्या झालं तरी चालेल." मागे दोन सहकारी खुसकन हसले. आजोबांचा काही दोष नाही, इतकी काळजी कोण करतं. पण ती म्हणाली, त्या दिवसापासून मी काउंटरवर उभीच राहत नाही, फाइल पोटाशी धरून चालते. फोन दाखवला तिने. बाळाचे दोन हजारच्या वर फोटो, ही त्यातल्या अकरांमध्ये, आणि अकराच्या अकरात बाळ पोटासमोर धरलेलं. ढाल.

तिसऱ्या वेळी आणखी एक गोष्ट निघाली, जाता जाता, दार अर्धं उघडून. "खोकला आला की जरा... होतं." थोडी लघवी सुटायची म्हणून बँकेत रोज पॅड लावून जात होती, साडेतीन महिने. डिलिव्हरी करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, आईलाही नाही, आईला सांगितलं असतं तर म्हणे आई म्हणाली असती होतंच असं. होतं बऱ्याच जणींना, खरंय, पण होतंच म्हणून सोडून द्यायचं नसतं. नुसतं पोटच नाही, ओटीपोटाखालचा आधारही सैल झालेला, आणि घट्ट पट्टा बांधून वरून दाब दिला की तो दाब जाणार कुठे? खालीच.

मग पहिले चार आठवडे आम्ही काय केलं, तर श्वास. ती वैतागली होती. "एवढे पैसे भरून श्वास घ्यायला शिकायचं?" उताणं झोपून, हात बरगड्यांवर, श्वास आत घेताना बरगड्या बाजूला फुलू द्यायच्या, सोडताना लघवी रोखतो तसं खालून वर ओढायचं आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून, मग कामात. बादली उचलायची, श्वास सोडत उचल. बाळ पाळण्यातून काढायचं, श्वास सोडत काढ. उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हातावर जोर देऊन उठ. दिवसातून बाळाला वीसदा उचलते ती, तेच वीस वेळा व्यायाम झाला असं धरलं, कारण वेगळा पाऊण तास काढ असं सांगणं म्हणजे तिच्या आयुष्याची थट्टा होती. सकाळी सहाला उठणं, रात्री दोनदा पाजायला जाग, साडेनऊला बँक.

आणि टाके. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. व्रणाच्या वरची जागा बधिर होती, आठ महिन्यांनीही, आणि तिने त्या जागेला एकदाही नीट हात लावला नव्हता. अंघोळ करताना वरून पाणी सोडायचं, बस. कपडे बदलायचे ते दिवा बंद करून. मी सांगितलं रोज दोन मिनिटं, बोटाला थोडं खोबरेल तेल, व्रणावर गोल गोल, मग आडवं, मग कातडी चिमटीत धरून उचलायची. पहिल्या आठवड्यात नाही केलं. दुसऱ्या आठवड्यात क्लिनिकमध्ये माझ्यासमोर केलं, छताकडे बघत. हात थरथरत होता. तिसऱ्या वेळी खाली बघितलं आणि रडली, बराच वेळ, मग नाक पुसून म्हणाली, "एवढीशीच आहे की. मला वाटलं केवढी मोठी असेल." दहा-बारा सेंटीमीटरची ती रेष. माझ्या मते या केसमध्ये गाडी तिथून वळली, वजनाच्या कितीतरी आधी.

आता माझी चूक. सहा आठवडे झाले, मे संपत आलेला. लग्न होऊन गेलं होतं, ती ड्रेस घालून गेली आणि ओढणी पुढे ओढून सगळ्यांच्या मागे उभी राहिली. वजन बघितलं, ७१.६. वाढलेलं! खाण्यात बदल केले होते, लाडू दोनाचा एक, रोज अर्धा तास चालणं कृषीनगरच्या ट्रॅकवर, वहीत सगळं लिहिलेलं, आणि तरी काटा वर. मी वही बघितली आणि बोलून गेले, "खरंच करतेयस ना हे सगळं?"

ती हो म्हणाली आणि पुढच्या दोन वेळा आलीच नाही.

फोन आला तो सासूबाईंचा. मला वाटलं तक्रार करतील. त्या म्हणाल्या, "मॅडम, ती रडते सारखी. आणि मला एक कळत नाही, एवढ्या उकाड्यात ही शाल घेऊन झोपते. आम्ही कूलर लावतो आणि ही बंद करते." मे महिन्यात नाशिकला शाल! मी कपाळाला हात लावला. वहीत तिने तिसऱ्याच आठवड्यात लिहिलं होतं, पोट साफ होत नाही, हातपाय जड, केस फार गळतात. केस गळणं मी बाळंतपणानंतरचं नेहमीचं म्हणून सोडलं होतं, ते साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होऊन कमी होत जातं, हिचं दहाव्या महिन्यात चालू होतं. थकवा झोपेमुळे, असं मीच ठरवून टाकलं. सगळं समोर लिहिलेलं होतं आणि मी शंका घेतली ती तिच्या खरेपणावर.

दुसऱ्या दिवशी तिला फिजिशियनकडे पाठवलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक, १४.८. हिमोग्लोबिन ९.६. ड जीवनसत्त्व तळाला. थायरॉईडच्या अँटीबॉडीजही वाढलेल्या. डॉक्टरांनी निदान केलं ते बाळंतपणानंतरच्या थायरॉईडच्या सुजेचं. शंभरात पाच-एक बायकांना होतं हे. आधी पहिल्या काही महिन्यांत थायरॉईड जास्त चालतो, छातीत धडधड, चिडचिड, ते बहुतेक वेळा बाळाच्या जागरणात खपून जातं, मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमाराला तो मंदावतो आणि बाई सुस्त, थंड, फुगलेली. बऱ्याच जणींचा वर्ष-दीड वर्षात परत मार्गावर येतो, काहींचा कायमचा मंद राहतो, म्हणून तपासत राहायचं. गोळी पाजताना चालते. आणि हेही सांगून ठेवते की ती गोळी वजन कमी करायची गोळी नाही, अडलेलं सुटतं एवढंच.

मी तिला फोन करून माफी मागितली. म्हणाली, "राहू द्या ना मॅडम, घरचे तर आठ महिने हेच विचारतायत." हे ऐकून जास्तच वाईट वाटलं.

गोळ्यांच्या वेळांचा घोळ होतो म्हणून फ्रिजवर तक्ता लावला. थायरॉईडची सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. लोहाची तिच्यापासून कमीत कमी चार तास लांब, म्हणून ती बँकेच्या ड्रॉवरमध्ये, दुपारच्या डब्यानंतर, डब्यात लिंबाची फोड. आणि चारचा चहा मग साडेचारला, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही.

खाण्यात फार क्रांती केली नाही. डाएटवाल्यांनी दिलेला अवोकॅडोचा चार्ट तिच्याकडे होता, तो मी पाठकोरा कागद म्हणून वापरायला दिला. भात चालू, पोळी चालू. बदल कुठे, तर सकाळच्या शिऱ्याच्या जागी मुगाचं धिरडं नाहीतर दोन उकडलेली अंडी, अंडी गॅलरीतल्या शेगडीवर, घरात चालत नाहीत. डब्यात भाजी-पोळीबरोबर रोज एक वाटी उसळ. बँकेत चार वाजता कोणाच्या तरी वाढदिवसाचा समोसा असतोच, त्याऐवजी मूठभर फुटाणे आणि ताक, समोसा आठवड्यातून एकदा, तोही चवीने खायचा, लपून नाही. रात्रीचं जेवण दहाचं आठवर आणलं. आणि बाळाचं उष्टं! हा आयांचा सगळ्यात मोठा चोरखिसा आहे, वाटीत उरलेला तूपभात, अर्धं केळं, दोन चमचे खीर, वाया कशाला घालवायचं म्हणून तोंडात. एक दिवस तिला ते सगळं तोंडात टाकायच्या ऐवजी एका डब्यात गोळा करायला लावलं. संध्याकाळी डबा बघून स्वतःच हसली, एका माणसाचं जेवण होतं. लाडू बंद केला नाही. सकाळी एक. तो तिच्या आईने केलेला होता, आणि आईशी भांडून कोणाचं वजन उतरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सासूबाईंचा धाक होता, डाएट केलंस तर दूध आटेल. यात त्या पूर्ण चुकीच्या नव्हत्या, नऊ दिवसांच्या उपासमारीत आटलं होतंच. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवायचं नाही असं आम्ही ठरवलं, आणि बाळाच्या लघवीच्या लंगोट्या मोजून दूध पुरतंय हे त्यांना पटलं. त्यानंतर त्यांनीच कणकेत सोयाबीनचं पीठ मिसळायला सुरुवात केली, मी न सांगता.

मन कसं आहे तेही बघितलं. दहा प्रश्नांची एक चाचणी असते, १९८७ ची, एडिनबर्गची म्हणून ओळखतात, तीसपैकी गुण. तिचे आले ११. फार वर नाही पण सोडून देण्याइतके खालीही नाहीत, त्यात रक्त कमी, थायरॉईड कमी, झोप कमी. समुपदेशकाकडे चार वेळा गेली. ज्यांच्या गावात असं कोणी नाही त्यांच्यासाठी सरकारचा टेलिमानसचा फोन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. नवऱ्याचं काय, तर माणूस चांगला, पण "तू मला आहेस तशीच आवडतेस" हे सांगून मोकळा झालेला. ते ऐकून तिला काही होत नव्हतं. पहाटे पाचला बाळ जागं झालं की तो उठायला लागला, बाळाला फिरवून आणायला लागला आणि तिला सलग साडेचार तास झोप मिळायला लागली, तेव्हा फरक पडला.

जूनपासून खरे व्यायाम. ब्रिज म्हणजे उताणं झोपून कंबर वर उचलणं, टाच सरकवणं, भिंतीवर हात टेकून पुशअप, खुर्चीवरून उठबस, मग दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या पाच-पाच लिटरच्या कॅन घेऊन हॉलमध्ये फेऱ्या. प्रत्येक वेळी एकच खूण, तंबू होतोय का, झाला की सोपी आवृत्ती. वजनकाटा मी कपाटात ठेवायला लावला, फक्त महिन्याच्या एक तारखेला काढायचा. त्याऐवजी वहीत चार गोष्टी: फटीत किती बोटं, आठवड्यात किती पॅड, मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का, आणि घरचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाळ कडेवर घेऊन कुठे थांबावं लागतं. सुरुवातीला पहिल्याच मजल्यावर थांबायची. जुलैअखेर न थांबता दारात. त्या दिवशीचा मेसेज आहे माझ्याकडे, नुसतं "आले वर!!!" आणि बाळाचा फोटो. वजन तेव्हा ६९ होतं, म्हणजे दोनच किलो उतरलेले, पण तिची मान बदलली होती, खांदे मागे गेले होते, पॅड आठवड्यात एखादं.

ऑगस्टमध्ये बाळाचा पहिला वाढदिवस. वजन ६८.३, कंबर ९१, फट अडीच बोटं. केक कापतानाचा फोटो तिने पाठवला, बाळ नवऱ्याच्या हातात आणि ही शेजारी, हात मोकळे, समोर काहीच धरलेलं नाही. मी झूम करून बघितला, खोटं का बोला.

मग दिवाळीत अडलं. फराळ, त्यात बाळाला जुलाब, चार दिवस सगळं घर जागं, ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत काटा ६५ च्या आजूबाजूला बसून राहिला. एप्रिलमधली ती असती तर परत पट्टा मागवला असता. यावेळी म्हणाली, "राहू दे, चकल्या चांगल्या झाल्या होत्या." टीएसएच तोपर्यंत ३.१ वर आलं होतं, गोळी थोडी कमी झाली, हिमोग्लोबिन ११.९.

मधेच एक झालं ते सांगायचंच राहिलं. सप्टेंबरात एकदा सासूबाई तिला सोडायला आल्या, ती आत कपडे बदलत होती, आणि या माझ्या टेबलाजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ते खोकल्याचं... तिचं थांबलं म्हणे. या वयात काही होतं का हो त्याला?" तिसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे २७ वर्षं. गावाला जायचं तर एस.टी.त बसायच्या आधी दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. लग्नकार्यात पुढच्या रांगेत कधी बसल्या नाहीत. मला पहिल्या दिवसाचं ते "मला तीन झाली तरी एवढं नव्हतं" आठवलं, आणि वाटलं, काय काय नव्हतं आणि काय काय होतं हे या बाईला कोणी विचारलंच नसणार. आता दोघी सकाळी बाळ झोपलेलं असताना हॉलमध्ये चटईवर शेजारी शेजारी असतात. सासूबाई मोजतात मोठ्याने, ही म्हणते आई, श्वास रोखू नका.

फेब्रुवारीत, बाळ दीड वर्षाचं, शेवटचं मोजमाप झालं. वजन ६३.१, कंबर ८४, फट दीड बोट आणि दाबल्यावर पट्टी आता रबरासारखी परत ढकलते. बीएमआय २६ च्या थोडा वर, म्हणजे तक्त्यात ती अजून जास्त वजनाचीच. ५८ वर परत जायचंय का, असं विचारलं, तर म्हणाली साठपर्यंत बघू, घाई नाही. टाक्यांवरची घडी आहे अजून, कमी झालीय पण जाणार नाही पूर्ण, तिला मी हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. बेंबीजवळचे कातडी ताणल्याचे वळ पांढरे पडलेत, आहेत तसे आहेत.

संक्रांतीला नवीन ब्लाउज शिवला तिने, हिरवा, आजच्या मापाचा, दोन्ही कुशींना इंचभर माया ठेवून. तो वांगी रंगाचा पण घालून बघितला, मधल्या रांगेवर शिलाई घेतली की बसतो, बारशाच्या मापाला. मला ब्लाउजचाच फोटो आला होता, भोकांच्या रांगेवर बोट ठेवलेला.

पुढच्या महिन्यात टीएसएच परत करायचंय, गोळी बंद करता येते का ते डॉक्टर तेव्हा ठरवतील. आणि दर गुरुवारी पाच वाजता सासूबाईंचा नंबर असतो, त्या पावणेपाचलाच येऊन बसतात.